टच बोर्ड राहू द्या, पण आमची कॅड लॅब परत द्या: विश्वस्तांना खुलं पत्र

मा. विश्वस्त मंडळ आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्याच संस्थेत डिप्लोमाच्या मुलांना ड्रॉइंग आणि कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरने ड्रॉइंग काढणं, शिकवते. संस्थेचं नाव इथे लिहीत नाहीये, कारण मला कुणाची बदनामी करायची नाही. कॅड लॅबचे कॉम्प्युटर काढून मुलांना टच बोर्डावर शिकवण्याबद्दल जूनपासून तीन अर्ज दिले, तिन्हींवर इनवर्डचा शिक्का आहे, उत्तर एकाचंही नाही. मुंबईतल्या दुसऱ्या कॉलेजांत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींशी बोलले तर त्यांच्याकडेही हाच विषय मीटिंगमध्ये यायला लागलाय असं कळलं, म्हणून आता उघडपणे लिहितेय, म्हणजे पालकांनी वाचावं, दुसऱ्या संस्थांनीही वाचावं आणि तुम्हीही वाचावं.

झालं काय ते आधी सांगते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या मजल्यावर पाच टच बोर्ड, म्हणजे फळ्याच्या जागी बोटाने चालणारे मोठे स्क्रीन, लागले, ७५ इंची, छान आहेत दिसायला. आणि त्याच सुट्टीत कॅड लॅबमधल्या २४ पैकी १४ कॉम्प्युटर उचलले गेले, मधे पार्टिशन पडलं आणि पलीकडची अर्धी खोली ॲडमिशनच्या कामाला गेली. मी जूनमध्ये कुलूप उघडलं तेव्हा कळलं. विचारलं तर उत्तर मिळालं की आता मुलं बोर्डावरच ऑटोकॅड करणार ना मॅडम, बोटाने, मग कॉम्प्युटर कशाला. साठ मुलांचा वर्ग आहे. वीस-वीसच्या तीन बॅच केल्या तरी एका कॉम्प्युटरवर दोन मुलं बसतात, एक काम करतो आणि दुसरा बघतो, आणि बघणारा बहुतेक वेळा मुलगीच असते हे मी रोज बघतेय.

मी नवीन गोष्टींच्या विरोधात आहे असं कुणाला वाटू नये म्हणून माझं थोडं सांगते. १९९८ साली मी दादरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं, रेघ चुकली की ब्लेडने हलकेच खरवडायची, आणि पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने कागद फुगायचा तो वेगळाच ताप. तीन वर्षांनी ऑफिसात कॉम्प्युटर आला, तेव्हा आमच्यातले बरेच जण घाबरले होते, मी नाही घाबरले, दोन-तीन महिन्यांत हात बसला कारण आमच्या साहेबांनी मला रोज संध्याकाळी एक तास एक मशीन एकटीला दिलं होतं. बाकी काही नाही, एक मशीन आणि एक तास. माझं सगळं करिअर त्या तासावर उभं राहिलंय आणि तोच तास आता माझ्या मुलांकडून काढून घेतला जातोय, म्हणून हे मनाला इतकं लागलंय.

आता मूळ मुद्दा. कॅड हे दोन हातांचं काम आहे. उजवा हात माउसवर, डावा कीबोर्डवर. डावा हात एल दाबून एंटर मारतो, लाइन सुरू होते, उजवा हात दिशा दाखवतो, डावा ३६०० टाइप करतो, रेघ बरोबर ३६०० मिलिमीटरची पडते. टीआर म्हणजे ट्रिम, जादा रेघ छाटायची, ओ म्हणजे ऑफसेट, समांतर रेघ काढायची, एफ८ दाबलं की रेघ आडवी किंवा उभीच जाणार, काही बिनसलं की एस्केप. चांगल्या ड्राफ्ट्समनकडे बघा, त्याचा डावा हात कधी थांबत नाही, तबलजीच्या डग्ग्यावरच्या हातासारखा. बोर्डावर हा डावा हात कापलाच जातो. कीबोर्ड हवा असेल तर स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडावा लागतो, तो खालून वर येतो आणि नेमकी खालची कमांड लाइन झाकतो, म्हणजे सॉफ्टवेअर काय विचारतंय तेच मुलाला दिसत नाही.

यात गंमत वाटण्यासारखी एक गोष्ट आहे, मी मुलांना पहिल्याच लेक्चरला सांगते. स्क्रीनवर हाताने ड्रॉइंग काढणं ही कल्पना नवीन नाहीच. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँडने स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला, खोलीभर पसरलेल्या टीएक्स-२ कॉम्प्युटरवर, आणि तो लाइट पेनने थेट काचेवर रेघा काढायचा. पण त्याच्या दुसऱ्या हाताशी बटणांची एक पेटी असायची. पेनने जागा दाखवायची, बटणाने सांगायचं की इथे रेघ सुरू कर, इथे गोल काढ. हात थरथरला तरी रेघ बिंदूला नेमकी जाऊन चिकटायची, आज ऑटोकॅडमध्ये रेघ अशी नेमक्या बिंदूला चिकटते त्याला ओस्नॅप किंवा नुसतं स्नॅप म्हणतात, त्याचं मूळ तिथेच आहे. म्हणजे ज्याने हे सगळं सुरू केलं त्यालाही दुसरा हात लागलाच. ऑटोकॅड आलं १९८२ च्या डिसेंबरमध्ये, तेव्हापासून आजपर्यंत ते कीबोर्ड आणि पॉइंटर या जोडीवरच वाढलेलं आहे, आणि आपण २०२५ मध्ये मुलांच्या हातातून त्यातला एक काढून घेतलाय.

दुसरी अडचण बोटाचीच आहे, आणि ही मी मोजून सांगते. ७५ इंची बोर्डाची रुंदी साधारण १६५ सेंटिमीटर, त्यात आडवे ३८४० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडा कमी. बोट काचेला टेकतं ते आठ-दहा मिलिमीटर, म्हणजे वीसेक पिक्सेल झाकले जातात. आणि ऑटोकॅडचा रेघ पकडायचा चौकोन, पिकबॉक्स, मुळात ३ पिक्सेलवर सेट असतो. सेटिंग वाढवता येतं, मी वाढवलंही, पण मग जिन्याच्या पायऱ्या किंवा खिडकीची फ्रेम आली की शेजारची भलतीच रेघ सिलेक्ट होते.

याहून मोठी गोष्ट म्हणजे माउसने क्लिक करायच्या आधी आपल्याला दिसतं. कर्सर रेघेच्या टोकाजवळ नेला की हिरवा चौकोन येतो, मध्यावर नेला की त्रिकोण येतो, मग आपण खात्री करून क्लिक करतो. बोटाला हे 'आधी' नाहीच. बोट टेकलं म्हणजे क्लिक झालं, आणि जिथे टेकलं ती जागा बोटाखालीच झाकलेली. ऑटोकॅडमध्ये टचची सोय आहे हे मला माहितीये, बोटाने ड्रॉइंग सरकवता येतं, झूम होतं, आणि सिलेक्ट करायचं तर रिबनवर, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीवर, सिलेक्ट मोडचं बटण असतं, मी मुलांना ते शिकवते पण. पण ती सोय ड्रॉइंग बघायला बरी पडते, काढायला नाही.

ऑगस्टमधला एक दिवस सांगते. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, नाव नाही लिहीत, गोवंडीहून येते, हुशार आहे, हाताने काढलेली तिची शीट मी यंदा नवीन मुलांना दाखवली. उंची पाच फुटाला जरा कमी. तिला बोर्डावर टॉयलेट ब्लॉकचा प्लॅन काढायचा होता, साधा, नऊ इंची बाहेरच्या भिंती, साडेचार इंची आतल्या. बोर्ड बसवणाऱ्यांनी तो जुन्या फळ्याच्याच उंचीला लावलाय, वरची कड सात फुटांवर, आणि ऑटोकॅडचा रिबन असतो वरच्या कडेला. तिचा हात पोचेना. तिने शिपाई मामांकडून स्टूल आणलं, प्रत्येक कमांडला स्टुलावर चढायची आणि रेघ काढायला खाली उतरायची, मागे अख्खा वर्ग बघतोय. मी म्हटलं राहू दे, तर म्हणाली नाही मॅडम, करते. चाळीस मिनिटांनी प्लॅन झाला आणि तिने भिंतीत हॅच, म्हणजे तिरक्या रेघांची भर, टाकायला घेतला, तर मेसेज आला की चारी बाजूंनी बंद हद्द सापडत नाही. परत केलं, परत तेच. मी झूम करत गेले, करत गेले, तेव्हा एका कोपऱ्यात दोन रेघांच्या मधे ४ मिलिमीटरची फट दिसली. तिने बोट कोपऱ्यावरच टेकवलं होतं, पण स्नॅप धरला नव्हता आणि तिला ते दिसणं शक्यच नव्हतं. ती काही बोलली नाही, हात खांद्यापासून दाबत जागेवर जाऊन बसली. तेच ड्रॉइंग दुसऱ्या दिवशी तिने कॉम्प्युटरवर अकरा मिनिटांत केलं, मी घड्याळ लावलं होतं.

चार मिलिमीटरने काय बिघडतं असं मला आपल्यापैकी एकांनी विचारलं होतं. बिघडतं. मुंबईत इमारतीचा प्लॅन महापालिकेच्या बिल्डिंग प्रपोजलला आता ऑनलाइन जातो, ड्रॉइंगची फाइलच द्यावी लागते, ठरलेल्या नावांच्या लेयरसकट, म्हणजे ड्रॉइंगच्या वेगवेगळ्या थरांसकट, आणि तिथलं सॉफ्टवेअर त्या फाइलमधूनच क्षेत्रफळ मोजतं, मुंबईच्या बांधकाम नियमावलीशी, म्हणजे डीसीपीआर २०३४ शी, ताडून बघतं. पॉलीलाइन, म्हणजे जोडलेल्या रेघांची हद्द, बंद नसेल तर सॉफ्टवेअर कशाचं क्षेत्रफळ मोजणार. माझी मुलं डिप्लोमा करून बांद्र्याच्या आर्किटेक्टकडे जातात, साकीनाक्याच्या गाळ्यातल्या फॅब्रिकेटरकडे जातात, वसईला शीट मेटलच्या कारखान्यात जातात. इंटरव्ह्यूला हातात एक शीट देतात आणि सांगतात, अर्ध्या तासात काढून दाखव. समोर असतो कीबोर्ड आणि माउस. परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकललाही तेच. तिथे आपण बोटाने शिकवलेलं पोरगं काय करणार?

आणखी काही त्रास आहेत ते भराभर सांगते.

बोर्ड आला तेव्हा त्याच्या आतलं सगळं अँड्रॉइडवर चालत होतं. आपल्याला जो डेमो दाखवला तो त्यातल्याच पाटीसारख्या ॲपमध्ये होता, हाताने वाकडा गोल काढला की तो आपोआप गोलगरगरीत होतो, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण आपण शिकवतो ते पूर्ण ऑटोकॅड अँड्रॉइडवर चालतच नाही, त्याला विंडोजचा कॉम्प्युटर लागतो. मग आम्ही लॅबचा एक कॉम्प्युटर एचडीएमआयने जोडला, चित्र आलं, टच चालेना. तीन आठवडे कंपनीच्या माणसाची वाट बघितली. शेवटी शेवटच्या वर्षाच्या एका मुलाने सांगितलं की मॅडम, एचडीएमआयमधून फक्त चित्र आणि आवाज जातो, टच परत यायला वेगळी यूएसबी केबल लागते. मी स्वतःच्या पैशाने लॅमिंग्टन रोडवरून आणली. दोन बोर्डांत नंतर मागे सरकवायचा कॉम्प्युटर बसवला, त्यात ८ जीबी रॅम. ऑटोकॅडच्या आत्ताच्या आवृत्त्यांना ८ जीबी ही किमान गरज आहे, सुचवलेली ३२ आहे. थ्रीडी मॉडेल फिरवायला घेतलं की ते अडखळत, थांबत फिरतं.

आपले बोर्ड इन्फ्रारेडवर चालतात. काचेच्या चारी बाजूंच्या पट्टीतून किरण आडवे-उभे जात असतात आणि ते जिथे तुटतील तिथे बोर्ड समजतो की स्पर्श झाला. त्याला बोट काय, ओढणी काय, कुर्त्याची बाही काय, सगळं सारखंच. माझी ओढणी लागून ड्रॉइंगमध्ये कितीदा नको त्या रेघा आल्या, आता मी वर्गात जाताना ओढणी कमरेला खोचून जाते. पश्चिमेच्या खिडक्यांतून चारनंतर ऊन थेट बोर्डावर येतं तेव्हा कडेचा भाग टच घेत नाही. आणि शेजारी रिडेव्हलपमेंटचं काम चालू आहे, तिथली धूळ पट्टीत बसते, ती कुणी पुसायची हे ठरलेलं नाही म्हणून मीच पुसते.

आणि बोर्डाच्या स्वतःच्या पेनने ड्रॉइंगवर लाल खूण केली तर ती ड्रॉइंगमध्ये जात नाही, ती वरच्या वर काचेवर ठेवल्यासारखी राहते. झूम केलं की ड्रॉइंग सरकतं, खूण तिथेच. पहिल्या महिन्यात मी दाराची चूक दाखवलेली खूण मुलांनी खिडकीची समजून खिडकी बदलून आणली होती.

आता मला बोर्डाचं चांगलंही सांगू द्या, कारण ते खरं आहे आणि मला ते बोर्ड परत पाठवायचे नाहीयेत. फर्स्ट अँगल प्रोजेक्शन, म्हणजे वस्तू समोरून, वरून, बाजूने कशी दिसते ते कागदावर ठरलेल्या जागी काढायची पद्धत, शिकवताना मी वर्षानुवर्षं खडूचा डबा हातात धरून फिरवत आलेय, समोरून असं दिसतं, वरून असं दिसतं, आणि मागच्या बाकावरच्या मुलाला डबाच दिसत नसतो. यंदा मी मॉडेल बोर्डावर घेतलं, एका मुलाला बोलावून सांगितलं फिरव, त्याने दोन बोटांनी फिरवलं आणि टॉप व्ह्यू खाली का येतो हे पहिल्यांदा एका तासात सगळ्या वर्गाला कळलं. दर शुक्रवारी आम्ही दोन मुलांची ड्रॉइंग बोर्डावर लावतो, सगळे पुढे येऊन उभे राहतात, हा डायमेन्शन डबल झालाय, ही सेक्शन लाइन उलटी आहे, इथे मजकूर रेघेवर चढलाय, मुलंच मुलांच्या चुका काढतात आणि त्यात भांडतातही. असं भांडण माझ्या वर्गात मी याआधी कधी ऐकलं नव्हतं. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ट्रेस म्हणून सोय आहे, मूळ ड्रॉइंगला हात न लावता त्यावर ट्रेसिंग पेपर अंथरल्यासारखं लिहिता येतं, आणि झूम केलं तरी खूण जागा सोडत नाही. मी ते बोर्डावर वापरायला लागले तेव्हा मला दादरचं ऑफिसच आठवलं. तर बोर्ड दाखवायला, तपासायला, चर्चेला उत्तम आहे. ड्रॉइंग काढायला नाही. एवढाच फरक आहे, पण सगळा घोळ तो न ओळखल्यामुळे झालाय.

मुलांनी घरी सराव करावा असंही सुचवलं गेलं. ऑटोडेस्क शिक्षणासाठी लायसन्स फुकट देतं, विद्यार्थ्याला पण आणि शिक्षकाला पण, दरवर्षी रिन्यू करता येतं, ते मी प्रत्येक मुलाला काढून दिलंय. पण सॉफ्टवेअर टाकायचं कशात? माझ्या साठ मुलांपैकी मी हात वर करायला सांगितले तर लॅपटॉप असलेले नऊ निघाले. बाकीच्यांकडे फोन आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात तिथे टेबल कुठून आणायचं. या मुलांना कॉम्प्युटर मिळण्याची जागा एकच होती, आपली लॅब, म्हणून ते विरारहून, मानखुर्दहून सकाळी लवकर येऊन लॅब उघडायची वाट बघत जिन्यात बसायचे. आता येत नाहीत, कारण आले तरी नंबर लागत नाही.

तर माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते.

काढलेले १४ कॉम्प्युटर लॅबमध्ये परत लावा आणि पार्टिशन काढा. ते तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पडलेत, मी बघून आलेय, म्हणजे यात नवीन खरेदी काहीच नाही. ॲडमिशनचं काम वर्षातले तीन महिने असतं, त्याला सेमिनार हॉल द्या.

कॅडचं प्रॅक्टिकल बोर्डावर घ्यायचं असा जो तोंडी आदेश आहे तो लेखी मागे घ्या. तोंडी दिलेला आदेश मी कुणाला दाखवू?

जे पाच बोर्ड आहेत त्यातले तीन लेक्चरच्या वर्गांत न्या, दोन आम्हाला ठेवा, आणि त्या दोनांना वायरलेस कीबोर्ड, माउस आणि निदान १६ जीबी रॅम द्या. बोर्ड एक फूट खाली घ्या. खिडक्यांना पडदे लावा. धूळ पुसायचं काम कुणाचं ते ठरवा.

सकाळी ८ ते ९.३० आणि संध्याकाळी ५ ते ६.३० लॅब सरावासाठी उघडी ठेवा. सकाळची वेळ मी सांभाळते, जादा पैसे नकोत. संध्याकाळसाठी लॅब असिस्टंट द्या.

आणि पुढच्या वेळी आमच्या विभागासाठी काही घ्यायचं असेल तर ऑर्डर द्यायच्या आधी शिकवणाऱ्यांना एकदा विचारा. डेमो आमच्या वर्गात, आमच्या सॉफ्टवेअरवर, आमच्या मुलांच्या हाताने होऊ दे. अर्धा तास पुरे आहे, त्या अर्ध्या तासात हे सगळं तेव्हाच कळलं असतं.

नोव्हेंबरमध्ये प्रॅक्टिकल आहेत, म्हणून दिवाळीच्या सुट्टीच्या आधी लॅब पूर्ववत व्हावी ही विनंती. तोपर्यंत मी दर शनिवारी दुपारी २ ते ५ लॅबमध्ये आहे. आपल्यापैकी कुणीही या, बोर्डावर ऑटोकॅड चालू करून ठेवते, तोच टॉयलेट ब्लॉकचा प्लॅन बोटाने काढून बघा आणि मग शेजारच्या कॉम्प्युटरवर. शिकवायला मी आहेच, आणि ती मुलगी पण असते शनिवारी.

आपली,
ड्रॉइंग आणि कॅडची शिक्षिका